इको-फायनल-चालणारं

माझी लायब्ररी लहान आहे. नेटवर्किंगची म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य वाटतं, म्हणून आधीच सांगतो: सॉकेट उघडणं, बंद करणं आणि मधल्या वेळात घोटाळा होऊ न देणं, एवढंच तिचं काम. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट वापरावी आणि हक्काने नावं ठेवावीत. पण लायब्ररीपेक्षा तिच्या उदाहरणांचा पसारा मोठा. त्या फोल्डरात इको, इको-टू, इको-न्यू, इको-फायनल आणि इको-फायनल-चालणारं अशा फायली गुण्यागोविंदाने नांदत होत्या. चालायची फक्त शेवटची. तिच्या माथ्यावर कॉमेंट होती: ‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.’ लिहिणारा मीच.

तर एका शनिवारच्या मीटअपमध्ये मला बोलायला बोलावलं. बंगळुरूत शनिवारी कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी कोणालातरी काहीतरी समजावत असतंच, त्यामुळे यात गौरव फारसा नव्हता. पण मला तो वाटला, आणि मी उदाहरणं आवरायला घेतली.

बायको बेळगावची, पेशाने ऑडिटर. ती म्हणाली, “चालतंय की. मग कशाला हात लावतोस?” कॉमेंटमध्ये हेच लिहिलेलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

बेसिक, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड असे तीन कप्पे केले. अर्ध्या तासात पहिला पेच पडला: टीएलएसवर चालणारा इको कुठे ठेवायचा? इको म्हणून बेसिकमध्ये, की टीएलएस म्हणून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये? आम्ही राहतो त्या जयनगरात फोर्थ ब्लॉक आहे आणि फोर्थ टी ब्लॉकही आहे, शिवाय प्रत्येक ठिकाणी मेन आणि क्रॉस. तिथे भरकटलेल्या डिलिव्हरीवाल्यांवर मी फोनवरून वर्षानुवर्षं करवादत आलोय. रविवारी रात्रीपर्यंत माझ्या फोल्डरात ‘बेसिक-टू’च्या आत ‘सिक्युअर’ आणि त्याच्या आत पुन्हा ‘बेसिक’ वसलं होतं. इको कुठल्या क्रॉसला राहतो, ते मलाच शोधावं लागत होतं.

मग कोड सुबक करायची हुक्की आली. उदाहरण कसं, एका नजरेत मावणारं हवं! इको म्हणजे तरी काय? मे १९८३मध्ये जॉन पोस्टेलने आरएफसी ८६२ लिहिला: पोर्ट ७वर जे येईल ते जसंच्या तसं परत पाठवायचं. त्याच महिन्यातला ८६३ म्हणतो, पोर्ट ९वर जे येईल ते घ्यायचं आणि टाकून द्यायचं. (हा प्रोटोकॉल माझ्या एका जुन्या मॅनेजरला उपजत येत असे.) इतक्या सोप्या गोष्टीला इतक्या ओळी कशाला, म्हणून मी निरुपयोगी दिसतील त्या उडवल्या. त्यात सॉकेटला एसओ-रीयूजअ‍ॅडर लावणारी एक ओळ होती. लांबलचक, कुरूप. तीही गेली.

शनिवारी इको चालू केला, समोर क्लायंट जोडला, ‘नमस्कार’ पाठवला, ‘नमस्कार’ परत आला. लोकांनी माना डोलावल्या. मग ऐटीत कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद केला आणि पुन्हा सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली: अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज.

टीसीपीत जो आधी फोन ठेवतो, त्याला टाइम-वेट नावाच्या अवस्थेत थोडं थांबावं लागतं. वाटेत रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या संभाषणात घुसू नये म्हणून. लिनक्सवर हा मुक्काम साठ सेकंदांचा. तोवर ते पोर्ट पुन्हा मिळत नाही. अर्थात, ती कुरूप ओळ असली तर मिळतं.

साठ सेकंद किती मोठे असतात ते माइक हातात असल्याशिवाय कळत नाही. मी पोस्टेलचं चरित्र काढलं, ते वीस सेकंदांत संपलं. पुढच्या रांगेतला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, जुन्या फायलीत रीयूजअ‍ॅडर होतं ना? माझ्याकडे आहे, चालतंय.” त्याने लॅपटॉप वळवला आणि सभा त्याच्याभोवती जमली. मीही गेलो. मागून नीट दिसत नव्हतं.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण वेळ विचारणाऱ्या उदाहरणात मी माझ्याच भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला होता, आणि आवरताना तो डोळ्यांत खुपला. असा पत्ता कोडात कोरणं वाईट, हे जगजाहीर आहे. २००३मध्ये नेटगिअरच्या राउटरांत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता कायमचा बसवलेला निघाला आणि लाखो राउटर त्या विद्यापीठाला वेळ विचारत सुटले. २०१०च्या आरएफसी ५७३७मध्ये केवळ उदाहरणांसाठी राखलेले पत्ते आहेत, म्हणून त्यांतला १९२.०.२.१ मी घातला. नियमाप्रमाणे अगदी चोख. फक्त त्या पत्त्यावर कोणी राहत नाही, त्यामुळे उत्तरही येत नाही. तक्रारींची रांग लागली: ‘उदाहरण अडकतं.’ ‘तुमची लायब्ररी स्लो आहे.’ एकाने तर उपायही सुचवला: ‘जुना पत्ता टाका, तो चालायचा.’

जुना पत्ता टाकला. इको-फायनल-चालणारंही, नावासकट, परत आणलं. डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही. उदाहरण उचलतात, आपल्या प्रॉडक्टात चिकटवतात आणि सुखाने झोपतात. माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आता दर काही मिनिटांनी कुठल्या तरी कारखान्यातलं कुठलं तरी यंत्र किती वाजले ते विचारतं. मी सांगतो. भाडं मी भरतो.

मध्यंतरी एका रात्री अपडेटसाठी सर्व्हर बंद ठेवला. सकाळी अनोळखी इमेल: ‘आपली टाइम सर्व्हिस काल रात्री बंद होती. यापुढे आगाऊ सूचना द्यावी.’ मी क्षमा मागितली आणि मेंटेनन्ससाठी कोणती वेळ सोयीची, असं विचारलं. त्यांनी मोठ्या मनाने रविवारी पहाटे दोन ते चार दिली आहे.