फुकट बादली: अधिकार, परीक्षा आणि प्राप्ती

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार सांगून टाकायचे असतात, म्हणजे नंतर वाचकाला तक्रारीला जागा राहत नाही. इथला विषय: फूड-ग्रेड प्लास्टिकची बादली. प्रयोजन: तिच्यात घरच्या घरी बिअर आंबवणे. संबंध: सुपरमार्केटच्या बेकरीत केक सजवणाऱ्या बाईंशी, तो कसा जोडावा हे पुढे येईलच. अधिकारी: अमेरिकेत राहणारा, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेला आणि होमब्रूच्या दुकानात नव्या बादलीची किंमत वाचून अजूनही मनातल्या मनात तिचे रुपये करणारा मराठी माणूस.

महाराष्ट्रातले वाचक अधिकारी नाहीत, याचं वाईट वाटतं. 1949 चा दारूबंदी कायदा तिथे अजून जागा आहे आणि परवान्यावाचून घरी बिअर केलेली त्याला चालत नाही. त्यांनी बादली जरूर मिळवावी आणि तिच्यात गहू भरावेत. अमेरिकेतही हे स्वातंत्र्य फार जुनं नाही. 1933 मध्ये तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची मात्र राहून गेली. ती मिळायला ऑक्टोबर 1978 उजाडला आणि जिमी कार्टर यांची सही लागली. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं तर 2013 पर्यंत अडून बसली होती. आज संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी 200 गॅलन बिअर करता येते, म्हणजे साडेसातशे लिटरच्याही वर. विकायची नाही, फक्त पाजायची. इतकी बिअर संपवायला लागणारे मित्र महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीनंतर कोणाकडे उरतात, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

आता पात्रपरीक्षा. बादली उलटी केली की बुडाशी त्रिकोणात एक आकडा दिसतो. 2 असेल तर ते एचडीपीई, म्हणजे अन्नाच्या बादल्यांचं नेहमीचं प्लास्टिक. नवखा साधक तो 2 पाहून हरखतो आणि तिथेच फसतो. घराच्या भिंतीला लावायचं जॉइंट कंपाउंड, ऑइलपेंट, पोहण्याच्या तलावात टाकायचं क्लोरीन, सगळ्यांच्या बादल्या बहुधा 2 च असतात. आकडा प्लास्टिकची जात सांगतो, चारित्र्य सांगत नाही. त्यात कोणता रंग मिसळला, साच्यातून सुटावी म्हणून तिला काय फासलं, हे त्रिकोणात लिहिलेलं नसतं. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली भडक रंगाची बादली कितीही गोंडस दिसली, तरी ती अन्नासाठी आहे असं तिच्यावर छापलेलं नसेल तर तिने गाडी धुवावी. जुन्या बादलीची चौकशी स्थळासारखीच करायची: रूप राहू द्या, आधी घराणं विचारा. तिच्यात पहिल्यापासून अन्नच होतं का? हो असेल तर पुढे बोलणी. नाही असेल, किंवा ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघावं.

घराणी मुख्यतः दोन: लोणच्याचं आणि आयसिंगचं.

लोणच्याची बादली सहज मिळते, याचं कारण तिला कोणी विचारत नाही. काकडी, डिल, लसूण आणि व्हिनेगर यांनी तिचा देह इतका मुरलेला असतो की सोडा लावा, उन्हात ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, वास गेल्यासारखा वाटतो आणि तिच्यात कोमट वर्ट (आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) पडला की परत हजर. मराठी माणूस लोणच्याचा भोक्ता असला तरी ते बाटलीतून यावं अशी त्याची अपेक्षा नसते. फायरहाउस सब्ज ही सँडविचवाल्यांची साखळी आपल्या लोणच्याच्या रिकाम्या बादल्या विकते आणि तो पैसा अग्निशमन दलांना साधनं घेऊन देणाऱ्या आपल्या प्रतिष्ठानाला देते. ती घ्यावी. पुण्य लागतं आणि दळायच्या आधीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) त्यात छान राहतो. बिअर मात्र आंबवू नये.

आयसिंगची बादली हे खरं रत्न. पण केकवरचं बरंचसं आयसिंग म्हणजे साखर आणि स्निग्धांश, आणि स्निग्धांश बिअरचा फेस मारतो. नीट न धुतलेल्या बादलीतली बिअर चवीला बरी लागेल, ग्लासात मात्र गार झालेल्या चहासारखी बसून राहील. गरम पाणी आणि सुगंध नसलेली सोडियम परकार्बोनेटची पावडर हा उपाय. तारेची घासणी, काथ्या, आणि ‘द्या इकडे, मी दाखवते कशी घासतात ते’ म्हणून पुढे आलेल्या सासूबाई, या तिघांना आदराने दूर ठेवावं. प्लास्टिकवर ओरखडा पडला की त्यात लॅक्टोबॅसिलसचा संसार थाटतो. याच मंडळींना विरजणात आपण मान देतो, पण बिअरमध्ये ती बिनबोलावता आली की सगळा घाणा आंबट. एकात एक बादल्या रचून ठेवल्या तरी ओरखडे पडतात, हे गॅरेजमध्ये मनोरे रचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मग संबंध. शनिवारी बेकरीकडे फिरकू नये. त्या दिवशी गावातल्या यच्चयावत मुलांचे वाढदिवस असतात. मधल्या वारी सकाळी जावं. आधी एक ब्रेड घ्यावा, मग रिकाम्या आयसिंगच्या बादल्या आहेत का असं विचारावं. ‘फुकट’ हा शब्द आपण उच्चारू नये, तो त्यांच्या तोंडून यावा. कशाला हवी असं विचारलं तर खरं सांगावं. बिअर म्हटल्यावर बाईंचा चेहरा खुलतो, त्यांचा मेहुणा हे करत असतो, आणि पुढची दहा मिनिटं मेहुण्यावर जातात. ती ऐकावी. काही दुकानांत कंपनीचा नियम म्हणून बादल्या देत नाहीत. तिथे आपण किती वर्षं तिथूनच दूध घेतो हे सांगत बसू नये. काही ठिकाणी डॉलर-दोन डॉलर मागतात. निमूट द्यावेत. एका डॉलरवर घासाघीस करणारा माणूस पुढच्या खेपेला त्या काउंटरवर दिसेनासा होतो, म्हणजे बाई त्याला बघेनाशा होतात. दर वेळी घेतलेला ब्रेड आणि त्यासोबत उगाच उचललेली डॅनिश यांचा हिशेब मांडला, तर होमब्रूच्या दुकानातली बादली स्वस्त पडली असती. तो हिशेब साधक मांडत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. पाच गॅलनच्या बादलीत पाच गॅलन बिअर होत नाही. यीस्ट कामाला लागलं की वर फेसाचा जाड थर चढतो आणि त्याला जागा लागते. म्हणूनच पाच गॅलनच्या घाण्यासाठी दुकानात साडेसहा गॅलनची बादली विकतात. फुकटच्या पाच गॅलनीत चार गॅलनवर थांबावं. बेकरीतल्या कित्येक बादल्या त्याहून लहान निघतात. त्यांत लहान घाणा घालावा आणि चव टिकून राहते असं पाहुण्यांना सांगावं.

राहता राहिलं झाकण, आणि निम्म्या मोहिमा तिथेच बुडतात. बेकरीत बादली उघडताना झाकण चाकूने कापतात किंवा उपटून थेट कचऱ्यात टाकतात. बादली नंतरही मिळेल, झाकण मिळत नाही. आतली रबरी कडी शाबूत आहे का ते बोट फिरवून पाहावं. मग झाकणाला भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट आणि त्यात एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी नळी) बसवावा. एअरलॉकमध्ये बुडबुडे येत नसतील तर यीस्ट मेलं म्हणून शोक करू नये. बहुतेक वेळा वायू झाकणाच्या कडेने पळत असतो. उलट हॉप्सच्या फुलांचा चोथा एअरलॉकमध्ये अडकून तो तुंबला, तर झाकण उडतं आणि छत पुसायला शिडी लागते. तेव्हा बेकरीत गेल्यावर आधी झाकण मागा, बादली मागाहून.