मागणी तसा विद्रोह

कष्टकऱ्यांचं दुःख ऐकायचं असेल तर आधी क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यावी, ही शिकवण आम्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींना रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने दिली. जुलै 2022 मध्ये त्याच्या अमेरिकेतल्या दौऱ्याची तिकिटं निघाली आणि मागणी पाहून काही खुर्च्यांचा दर थेट चार-पाच हजार डॉलरांवर चढला. गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात होतं तेच इथे संगणक करतो, फक्त त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. 'बॅकस्ट्रीट्स' या चाहत्यांच्या नियतकालिकाचं तर त्या दरांनी मनच उडालं आणि 43 वर्षांचा संसार त्यांनी आवरता घेतला. आम्ही मात्र निष्ठा सोडली नाही. निष्ठा हप्त्यांवर मिळते.

त्याला 'बॉस' का म्हणतात? उमेदवारीच्या काळात कार्यक्रम संपला की क्लबमालकाकडून बिदागी वसूल करून साथीदारांत वाटायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून. पुढे बरंच बदललं, खातं तेवढं त्याच्याकडेच राहिलं. 2021 च्या डिसेंबरात त्याने आपली सगळी गाणी सोनीला विकली, बातम्यांनुसार सुमारे 50 कोटी डॉलरांना. बंद पडलेल्या कारखान्यांवर एवढी कमाई कारखाना चालवणाऱ्यांनाही जमलेली नाही. आणि माणूस प्रामाणिक इतका, की कारखान्याची पायरी आपण कधी चढलो नाही, हे त्याने ब्रॉडवेच्या रंगमंचावर स्वतःच सांगून टाकलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापैकी तरी कोण चढलं होतं!

तर 14 एप्रिल 2023, न्यूअर्कचं प्रुडेन्शियल सेंटर. दारात 1984 च्या दौऱ्याचे टी-शर्ट घातलेले विद्रोही रांगेत उभे. शर्ट तेच, पोटं नवी. एकाने आधी गुडघ्याचा पट्टा आवळला, मग मूठ उगारली.

आत 73 वर्षांचा बॉस गिटार गळ्यात अडकवून आला आणि 'वन, टू, थ्री, फोर' म्हणत सुटला. एक गाणं संपतं न संपतं तोच पुढच्याचा आकडा. पाणी पिण्याचं निमित्त नाही, मध्यंतर नाही. अडचण त्याची नव्हे, आमची होती. भर गाण्यात प्रसाधनगृहाकडे निघालेल्या साठीच्या पुरुषांचा जो मोर्चा मी पाहिला, तेवढा शिस्तबद्ध मोर्चा अलीकडे कुठल्या कामगार संघटनेलाही काढता आलेला नाही.

मग 'बॉर्न टू रन'. हे 1975 चं गाणं सुरू झालं की सभागृहातले सगळे दिवे लावायची इथली जुनी प्रथा. अंधारात आम्ही सगळे विशीतले होतो. उजेड पडला आणि टकलांचा लखलखाट झाला. गाणं कशाचं? गाव सोडून पळून जाण्याचं. गळा काढून म्हणणारे बहुतेक याच राज्यात जन्मलेले, इथेच घर घेतलेले आणि मालमत्ता कर वेळेवर भरणारे. खरे पळालो ते आम्ही, डोंबिवलीहून थेट न्यू जर्सीला. पण तेही कंपनीने व्हिसाचे कागद करून दिल्यावर, आईबाबांच्या पाया पडून.

एवढं सगळं कळत असूनही त्याने छातीवरचा सदरा उघडला तेव्हा मी ओरडलो. त्या वयात आमच्या घरातली माणसं मफलर शोधतात. बॉसचा जुना सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स 2011 मध्ये गेला. आता त्याचा पुतण्या जेक सॅक्सोफोन घेऊन पुढे येतो. त्याने पहिला सूर लावला आणि घराचा हप्ता, क्रेडिट कार्ड, सकाळची मीटिंग, सगळं विसरायला झालं. लबाडीच म्हणायची, पण मनापासून केलेली.

शाळकरी वयात ज्या 'कॅस्टील्स' बँडमध्ये तो वाजवायचा, त्यातला आता तो एकटाच उरला आहे. तो ते सांगत होता: मरण समोर दिसलं की जगणं स्वच्छ दिसतं, तेव्हा आहे तो क्षण धरा. शेजारचा दांडगा गडी डोळे पुसू लागला. मलाही गलबलून आलं. मग आम्ही दोघांनीही फोन काढले आणि मेटलाइफ स्टेडियममधल्या उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाचे दर पाहिले. महागले होते. इतक्या लोकांनी एकदम जगायचं ठरवलं की तसं होणारच.