बोलेरोला अक्कल किती असावी

बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. एका पिढीने निवेदनं दिली, दुसरीने रेल रोको करायला रूळच नाहीत म्हणून रास्ता रोको केला, आणि तिसरीने अखेर अहिल्यानगरच्या गाडीपुढे उभं राहून सेल्फी काढली. सबुरीचा एवढा दांडगा वारसा असलेल्या जिल्ह्यात माझ्या पुतण्याची मोटारसायकल साठचा वेग गाठायला एक सेकंद जास्त घेते, आणि ते त्याला सहन होत नाही.

“काका, मपल्या गाडीला पिकअपच न्हाई,” एका रविवारी पोहे खाता खाता तो म्हणाला. समोर माझा मेव्हणा बसला होता. त्याने लगेच चमचा खाली ठेवला. “दाजी, मपल्या बोलेरोलाबी न्हाई.”

गाडीला पिकअप नसणं आमच्याकडे कर्जापेक्षा लाजिरवाणं आहे. कर्ज माणूस चारचौघांत सांगतो. मांजरसुंब्याच्या घाटात मागची स्कॉर्पिओ हॉर्न देत पुढे निघून गेली, हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. न्यूटनचे नियम शिकवणाऱ्याला मिक्सर दुरुस्त करता येतो, विहिरीवरची मोटर का जळली ते सांगता येतं आणि गाडीत काय बसवावं हेही कळतं, असा दोन्हीकडच्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. मी तो कधी खोडला नाही. घरात माझ्या डिग्रीला मान मिळतो तो एवढ्याच कामापुरता.

पुतण्याला हवा होता ट्यून करता येणारा ईसीयू. लॅपटॉप जोडायचा, आकडे बदलायचे, इंजिन मनासारखं पळवायचं. मेव्हण्याला हवी होती तयार चिप. “डबी आणायची, दोन सॉकेटं जोडायची, बोनेट लावायचं. विषय संपला. लॅपटॉप-बिपटॉप पोरांची कामं.” गंमत अशी की बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स या एकाच कंपनीने दोन्ही तऱ्हेचा माल बाजारात आणला: पेट्रोल गाड्यांसाठी आकडे बदलता येणारा पॉवरट्रॉनिक आणि डिझेलसाठी डिझेलट्रॉनिक नावाची डबी. म्हणजे भांडणारे दोन आणि दुकान एकच. आमच्या जिल्ह्याच्या राजकारणात हे नवीन नाही.

आता ईसीयू म्हणजे काय ते सांगतो, कारण मी मास्तर आहे आणि पोहे संपलेले नव्हते. इंजिनावर जागोजागी सेन्सर असतात. एक क्रँक किती वेगाने फिरतोय ते सांगतो, एक आत येणाऱ्या हवेचा दाब, एक थ्रॉटल किती उघडलाय ते, एक इंजिन किती तापलंय ते. आणि सायलेन्सरच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर जळून काय उरलं त्याची खबर देतो. हे सगळं ईसीयूकडे जातं. त्याच्या पोटात एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: इंधन किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची. या तक्त्याला मॅप म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं, तसा दुचाकीचा कार्बोरेटर जवळजवळ गेलाच आणि त्याच्याबरोबर फिटरचं एक मोठं सुख गेलं. पूर्वी तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा, स्क्रू दीड आटा फिरवायचा आणि म्हणायचा, “झाली.” आता आटे गेले, आकडे आले.

“मग आकडे आपणच बदलू की!” पुतण्या म्हणाला.

मी त्याला कागद आणायला सांगितला. त्याची गाडी दोनशे सीसीची, साडेचोवीस हॉर्सपॉवर. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसता मॅप बदलून शेकडा पाच-दहापेक्षा जास्त हाती लागत नाही. म्हणजे फार तर दोन हॉर्सपॉवर, तीही फिरवणारा हात जाणता असेल तर. आता दुसरी बाजू. गाडीचं वजन दीडशेच्या वर, आणि गाडीवर कायम तिघं. हा, ह्याचा मित्र आणि मित्राचा मित्र. पासष्ट-पासष्ट किलोची तीन पोरं धरली तर सगळं मिळून साडेतीनशे किलो. मित्राच्या मित्राला बसस्टँडवर उतरवलं की एका फटक्यात वजन अठरा टक्क्यांनी कमी होतं. खर्च शून्य, वॉरंटी शाबूत.

“त्याला कसं उतरवणार? पेट्रोल तोच टाकतो,” पुतण्या म्हणाला. पदार्थविज्ञान इथे थांबतं.

पण पेट्रोलचा विषय निघाला आणि पोरगं चांगलं बोललं, ते नोंदवायला हवं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते सरकारने २०२५ वर ओढलं. निव्वळ पेट्रोलचा एक भाग पुरता जाळायला वजनाने हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, निव्वळ इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिसळलं की हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडायला हवं. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो; पण थ्रॉटल पूर्ण पिळला की बहुतेक गाड्या त्याचं ऐकणं सोडतात आणि मॅपमधल्या आकड्यावर चालतात. मग जुन्या पेट्रोलवर बेतलेली तयार चिप काय करणार? तिचे आकडे कायमचे गोठलेले. ट्यून करता येणाऱ्या ईसीयूत निदान दुरुस्तीला जागा असते. आणि ते इथेनॉल येतं कुठून? मक्यातून, तांदळातून आणि उसातून. आमच्याच धारूर-वडवणीची माणसं दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात आणि ऊस तोडतात. त्याच उसाने इकडे त्यांच्या पोरांच्या गाड्यांचे मॅप बिघडवून ठेवलेत. या मुद्द्यावर मी पुतण्याला शंभरपैकी सत्तर दिले. उरलेले तीस कापले, कारण ठिणगी किती आधी टाकायची ते लॅपटॉपवर अंदाजाने ठरवू असं तो म्हणत होता. ठिणगी नको तितकी आधी पडली की इंजिन नॉक करतं, आणि तसंच पिळत राहिलं की पिस्टनला भोक पडतं. तिथे मॅप कामाचा नसतो, भंगारवाला असतो.

एवढं सगळं होईपर्यंत मेव्हण्याने मोबाइलवर डबी मागवलीसुद्धा. काहीशे रुपयांची, लाल रंगाची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात खुपसायची. ‘ताकद वाढवा, डिझेल वाचवा’ असं तिच्यावर लिहिलं होतं. या दोन गोष्टी एकत्र मिळणं म्हणजे हुंडा न घेता मुलाकडच्यांनीच लग्नाचा खर्च करणं. ऐकायला गोड, पाहिलेलं कुणी नाही. तरी डबी बसली. आत दिवे लुकलुकू लागले. मेव्हणा पाली ओलांडून घाट चढून आला आणि अंगणात उतरताच म्हणाला, “दाजी, गाडी हलकी झाली. तिसऱ्यात ओढती.” बायकोलाही फरक जाणवला. तिला मागच्या सीटवर बसून जाणवला, हे विशेष.

संध्याकाळी पुतण्याने ती डबी ओसरीवर बसून भाजीच्या सुरीने उघडली. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तीन दिवे, एक बटण आणि एक बारकी चिप. ही चिप दिवे लावायची आणि विझवायची. अशा डब्या जगभर लोकांनी फोडून तपासल्या आहेत; त्या गाडीच्या ईसीयूशी चकार शब्द बोलत नाहीत. मेव्हणा बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत होता. मग म्हणाला, “पण ओढत व्हती, ह्ये खरंय.” मी वाद घातला नाही. त्याने पैसे खर्च केले होते, आणि पैसे खर्च केलेल्या माणसाची गाडी ओढतेच.

खरी डबी वेगळी. ती समजली आम्हाला बार्शी नाक्याजवळच्या पंप-नोझलवाल्या मिस्त्रीकडे. गळीत हंगामाच्या तोंडाशी त्याच्याकडे ट्रॅक्टरचे डिझेल पंप ओळीने पडलेले असतात. त्याचं टेस्टिंगचं मशीन बघण्यासारखं आहे. पंप शिकंज्यात आवळायचा, मोटर चालू करायची, आणि समोरच्या उभ्या काचेच्या नळ्यांत थेंब थेंब डिझेल चढू लागतं. चारही नळ्यांत पातळी एका रेषेत आली तर पंप बरोबर. मिस्त्री एक डोळा मिटून नळ्यांकडे बघतो, पान्याने कणभर फिरवतो, नळ्या रिकाम्या करतो, पुन्हा भरतो. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बाजूला घुटमळत असतो. मालक चहाला गेला की तो हळूच म्हणतो, “थोडं वाढवा की. दोन ट्रॉल्या वढायच्यात.” मग शिशाचं सील तुटतं, स्क्रू आणखी थोडा फिरतो. हे आमच्या जिल्ह्यातलं खरं ट्यूनिंग, आणि लॅपटॉप जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे.

“डिझेल वाढवलं की ताकद येती, सर,” मिस्त्री मला म्हणाला. “पण धूर आन् गरमी संगं येती. ती कुणी मागत न्हाई.”

बोलेरोत असा पंप नाही, कॉमन रेल आहे. एका जाड नळीत डिझेल हजार-दीड हजार बार दाबापर्यंत भरून ठेवतात आणि ईसीयू म्हणेल तेव्हा नोझल उघडतं. नळीतल्या दाबाचा सेन्सर ईसीयूला दाब सांगत असतो. तयार चिपची खरी डबी बसते नेमकी या दोघांच्या मध्ये. नळीत दाब हजार असला तरी ती ईसीयूला सांगते, नऊशेच आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. नोझल तेवढाच वेळ उघडतं, पण डिझेल जास्त जातं. टर्बो डिझेलमध्ये या युक्तीने शेकडा वीस ताकद सहज वाढते, म्हणजे बोलेरोच्या पंचाहत्तर हॉर्सपॉवरचे नव्वद.

मेव्हणा एकदम उभा राहिला. “म्हंजी जास्त जायलंय आन् काट्यावर कमी दाखवायलंय? दाजी, ही तर काटामारी हाय!”

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात माझ्या एकाही विद्यार्थ्याला कुठलीच संकल्पना इतक्या चटकन कळलेली नाही. उसाच्या काट्यावर हयातभर भांडलेल्या माणसाला हे समजायला आकृती लागत नाही. “आयुष्यभर काटामारीविरुद्ध बोंबललो,” तो म्हणाला, “आन् आता पैशे दिऊन गाडीत बसवू?”

खोटं बोलण्यात मोठ्या कंपन्याही मागे नाहीत, हे मी त्याला समजुतीसाठी सांगितलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर ‘आपली तपासणी चालू आहे’ हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. रस्त्यावर आलं की धूर मोकळा. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत हे उघड झालं. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्यांत तो प्रताप होता, आणि भारतातही तीन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. “म्हंजी साहेब येणार म्हणल्यावर शाळा झाडून घेत्यात तसं,” मिस्त्री म्हणाला. मी शिक्षक असल्यामुळे गप्प बसलो.

त्यापेक्षा गाडीच्या मूळ ईसीयूतलाच मॅप वाचून नव्याने लिहून घेणं प्रामाणिक. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. दाब, वेळ, टर्बो सगळ्यांचे आकडे एकमेकांना धरून बदलतात. पण त्याला डायनो लागतो, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र, आणि तो वाचता येणारा माणूस लागतो. त्यासाठी पुण्याची वाट धरायची. शिवाय बऱ्याच ईसीयूत मॅप किती वेळा बदलला याची नोंद राहते आणि सर्व्हिस सेंटरवाला ती वाचतो. डबी काय, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी काढून गव्हाच्या कोठीत लपवता येते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगीबाहेर गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. “प्रत्येक बदलाला” हे शब्द मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवले. सायलेन्सर, हॉर्न, हँडल, आणि एमएच २३ पुढचे आकडे ‘दादा’ असे वाचता येतील अशी काढलेली नंबर प्लेट. हिशोब गाडीच्या किमतीकडे सरकायला लागला तेव्हा त्याने विषय बदलला.

शेवटी मिस्त्रीनेच बोलेरोचं बोनेट उघडलं. एअर फिल्टर काढला आणि फरशीवर आपटला, तर गेवराईपासून चौसाळ्यापर्यंतची माती बाहेर पडली. टर्बोच्या होजची क्लिप सैल होती, दाबाने भरलेली हवा तिथूनच फुसकन निघून जात होती. मागच्या दोन्ही टायरांत हवा कमी. एक नोझल ठिबकत होतं. सगळं मिळून खर्च चिपच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नाही, आणि त्या दिवसापासून मेव्हण्याने घाटातल्या स्कॉर्पिओबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

माझा कौल विचाराल तर असा: घ्यायचाच असेल तर आकडे बदलता येणारा ईसीयू घ्या, पण ते आकडे बदलणारा जाणता माणूस आधी शोधा, तो मिळाला नाही तर पैसे खिशात ठेवा. तयार डबीच्या नादी लागू नका. आणि या सगळ्याच्याही आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर तुमच्या गाडीला चिप नको, नवा फिल्टर हवा आहे.