चार इंच एक सूत

नागपुरात उन्हाळा माळ्यावरून उतरतो. मार्चच्या शेवटी कूलर खाली काढायचा, टाकीच्या तळाशी बसलेला गेल्या सालचा क्षार उलथन्यानं खरवडायचा, भुशाच्या जुन्या ताट्या फेकून नव्या बसवायच्या आणि पंपाला शिव्या घालायच्या. तो भक्कन पाणी उचलतो त्या दिवशी आमचा उन्हाळा लागतो. त्यामुळे पाण्यानं गार करणं या विषयात मला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. निदान माझा तसा समज होता.

यंदा घरातल्या तापणाऱ्यांत एकाची भर पडली. मुलगी ॲनिमेशन शिकते. संध्याकाळी ती काहीतरी रेंडरला लावते आणि मग रात्रभर तिचा कॉम्प्युटर टेबलाखाली बसून घोंगावत असतो. एप्रिलमध्ये प्रोसेसरचं तापमान ९७ वर गेलं. शंभराच्या आसपास पोचल्यावर प्रोसेसर आपणहून कामाचा वेग कमी करतो. त्यानंही भागलं नाही तर बंद पडतो. दुपारी एक ते चार या वेळात माझंही हेच होतं, म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

"बाबा, नवा घ्यावा लागेल," मुलगी म्हणाली. नव्याची किंमत ऐकली आणि माझ्यातला इंजिनियर खडबडून जागा झाला. हा इंजिनियर नेमका किंमत ऐकल्यावरच जागा होतो. पदवीची चार वर्षं तो झोपलेला होता.

"त्यापेक्षा आपण याला वॉटर कूलिंग करू," मी म्हणालो.

"आपण म्हणजे कोण?" मुलगी म्हणाली.

कल्पना तशी सोपी आहे. प्रोसेसरच्या टाळूवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पंपानं पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी नळीनं रेडिएटरकडे न्यायचं आणि तिथं पंख्यांनी त्याची हवा काढायची. तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाणी जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरतंय आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता ओकतोय असं धरलं, तरी ठोकळ्यातून बाहेर पडताना पाणी जेमतेम तीन अंशांनी तापलेलं असतं. हा हिशेब मी आईला जेवताना समजावून सांगितला. "तीन अंशांसाठी एवढा खटाटोप?" असं म्हणून तिनं मला ताक वाढलं.

१९८५ साली अमेरिकेत क्रे-२ नावाचा महासंगणक आला, तो तर अख्खाच्या अख्खा फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून ठेवलेला असे. लाडानं त्याला 'बबल्स' म्हणत. घरगुती हौशी मंडळींनी पुढं मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून तोच खेळ केला. या थोर परंपरेत आपलं नाव लागणार म्हणून मी बर्डीच्या बाजारात जाऊन बावीस हजार रुपयांचं सामान घेऊन आलो. घरी आकडा सांगताना जीभ बारा हजारांवर अडखळली ती तिथंच थांबली.

अडचण निघाली कॅबिनेटची. (आमच्याकडे या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. दुकानदार कॅबिनेट म्हणतो. आई 'तुझं खोकं' म्हणते.) रेडिएटरची जाडी २७ मिलिमीटर, खाली लावायच्या पंख्यांची २५, एकूण ५२. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डवरच्या सामानापर्यंत जागा ४६. लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या पंगतीला सहा पानं कमी पडावीत तसे ते सहा मिलिमीटर मी दोन दिवस वेगवेगळ्या बाजूंनी मोजत होतो. शेवटी ठरलं की पंखे आत, रेडिएटर बाहेर टपावर. काळीपिवळी जीपच्या टपावर गाठोडी असतात तसा. त्यासाठी छताला दोन गोल भोकं पाडायची.

पत्र्याला गोल भोक नागपुरात कोण पाडतो, हे मला सांगावं लागू नये. आमच्या चौकात कूलर बनवणारे एक भाऊ आहेत. मी रिकामं कॅबिनेट स्कूटरवर पुढ्यात धरून त्यांच्याकडे गेलो. सोबत १२० मिलिमीटरचा पंखा आणि त्याचं कागदी माप होतं, चार स्क्रूंच्या खुणांसह, दोन रंगांत. भाऊंनी कागदाकडे पाहिलंही नाही. पंखा हातात घेतला, पालथा केला, टेपची जीभ बाहेर काढली.

"भोक साडेचार इंच. स्क्रू ते स्क्रू चार इंच एक सूत."

मी घरी येऊन तपासलं. स्क्रूंमधलं प्रमाण अंतर १०५ मिलिमीटर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार इंच एक सूत म्हणजे १०४.८. आंतरराष्ट्रीय प्रमाण आणि आमच्या चौकात पाव मिलिमीटरचा फरक होता, आणि तोही टेपच्या जिभेचा असावा.

"काय बनवून राहिले भाऊ?" त्यांनी कंपासनं पत्र्यावर गोल मारता मारता विचारलं.

"वॉटर कूलिंग."

"म्हंजे कूलरच नं. ताटी कुठं लावता मंग?"

"ताटी नसते याला. पाणी नळीतल्या नळीत फिरतं."

"अन् उडत नाही?"

"एक थेंबसुद्धा नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मंग थंड कायनं होईन?"

मी त्यांना रेडिएटर या विषयावर सुमारे सात मिनिटं माहिती दिली. त्यांनी गोलाच्या आतल्या कडेनं ड्रिलची बारीक भोकं रांगेनं पाडली, दोन भोकांमधल्या पत्र्यावर छिन्नी ठेवून एकेक टिचकी मारली, टण्ण करून चकती खाली पडली, आणि तेव्हा ते म्हणाले, "गाडीचं रेडिएटर म्हना नं. गाडी का थंडी असते?"

यावर उत्तर नव्हतं. ते मला मे महिन्यात कळलं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार लागते. बंद नळीतलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा एक अंशही खाली जाऊ शकत नाही. खोलीत ३९ असेल तर पाणी ३९ च्या वरच. हे भौतिकशास्त्र मी शिकलो होतो, भाऊ जगत होते. भोकं पाडण्याचे शंभर रुपये घेऊन त्यांनी नळ्या जातात तिथं पत्र्याची धार लागू नये म्हणून कूलरचे दोन रबरी बुश फुकट बसवून दिले. दोन्ही चकत्याही कागदात बांधून दिल्या.

भोकं पाडताना उडालेला लोखंडाचा कीस मात्र फुंकर मारून जात नाही. त्यातला एक कण मदरबोर्डवर राहिला तरी बोर्ड जळू शकतो. मुलीनं लोहचुंबक रुमालात गुंडाळला आणि कॅबिनेटचा कानाकोपरा पुसून काढला. एवढ्या मन लावून तिनं स्वतःची खोली कधी पुसली नाही, असं तिची आजी म्हणाली.

जोडण्यांबद्दल फार लिहीत नाही. आमचा प्लंबर सूत आणि सफेदा घेऊन मदतीला आला होता. (हे सूत वेगळं, गुंडाळायचं.) तोट्यांवर रबराच्या ओ-रिंगा आहेत, त्यांना काही गुंडाळायचं नाही, हे ऐकून तो दुखावला आणि चहा न घेता गेला. पाणी नळाचं घालायचं नव्हतं, कारण नागपूरचं पाणी काय करतं ते कूलरच्या टाकीत दरवर्षी दिसतं. बॅटरीवाल्याकडून पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. आत गेलं जेमतेम एक लिटर, उरलेल्यावर आमचा इन्व्हर्टर अजून जगतो आहे.

खरी परीक्षा वायरींनी घेतली. एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीतून, वायरींचं जे जावळ बाहेर येतं, ते सगळं पंख्यांच्या वाटेत लोंबत होतं. हल्लीच्या कॅबिनेटांत मदरबोर्डमागच्या पत्र्याला वायरींसाठी खिडक्या असतात, आमच्यात नव्हत्या. पुन्हा भाऊ, पुन्हा ड्रिल, पुन्हा चुंबक. मग मी सगळ्या वायरी पत्र्यामागं कोंबल्या. पाहुणे यायच्या आधी पसारा दिवाणाखाली सारावा, इतक्या मनोभावे. मागचं झाकण लागेना. मी कॅबिनेट आडवं करून त्याच्यावर बसलो. आतून काहीतरी कट्ट वाजलं.

"ऊठ," आई म्हणाली.

तिनं सगळ्या वायरी बाहेर काढल्या, चष्मा पुसला आणि खोकं मांडीसमोर घेऊन बसली. चोवीस पिनांचा जाड जुडगा तिनं पाच भागांत विभागला आणि पाचपेडी वेणी घातली. घट्ट, सपाट, एकही वायर वर नाही. आठ पिनांच्या वायरीची साधी तिपेडी. पंख्यांच्या बारीक वायरींना जुडगा करून गजऱ्याच्या दोऱ्यानं वीत वीतभर अंतरावर गाठी. "तुझ्या ताईच्या केसांत याच्यापेक्षा जास्त गुंता असायचा," ती म्हणाली. "आणि ही ओरडत तरी नाही." झाकण एका बोटानं लागलं. मी आणलेलं प्लास्टिकच्या टायचं पाकीट अजून फोडलेलं नाही.

मग गळती-चाचणी. चोवीस तास फक्त पंप चालवायचा, मदरबोर्डला वीज द्यायची नाही. त्यासाठी एसएमपीएसच्या चोवीस पिनांतली एकुलती एक हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडतात, म्हणजे तो फसतो आणि सुरू होतो. मी जेम क्लिप वाकवून जोडली. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवला आणि सतरंजी टाकून शेजारी आडवा झालो. मेअखेरचा नवतपा चालू होता. रात्री तीनला जाग आली, टिश्यू चाचपला. ओला! दुसरा ओला, तिसराही! सगळे सांधे एकदम फुटले होते. मी जेम क्लिप ओढली, मुलीला हाका मारल्या, टॉर्च लावला, पाना घेऊन प्रत्येक तोटी आवळली. नळ्या कोरड्या. टाकीतलं पाणी खुणेवर. टिश्यू ओले. माझी मानही ओली. पाठीमागून वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत होते.

झोपण्याआधी आईनं घरातला कूलर आमच्याकडे फिरवला होता. "तुझ्या खोक्याला उकडतं म्हणालास ना!"

आता निकाल. रेंडर चालू असताना ९७ चे ८१ झाले. कूलर खोक्याकडे फिरवला की ७४. म्हणजे ताटी कुठं लावता, हा प्रश्न बरोबरच होता.

आणखी एक गोष्ट कबूल करायची राहिली. प्रोसेसरवरचा जुना हीटसिंक काढला तेव्हा त्याच्या पात्यांमध्ये धूळ आणि कूलरच्या ताटीचा भुसा बसून चांगली गोधडी झाली होती. मी ती ब्रशनं धुऊन तो हीटसिंक कपाटात ठेवला. ऑक्टोबरात पाणी बदलायला सगळं उपसलं आणि नेमकं मुलीला काम द्यायचं होतं, म्हणून दोन दिवस तोच पुन्हा बसवला. ऑक्टोबर हीटची दुपार होती, खोलीत मेपेक्षा चार-पाच अंश कमी असतील. रेंडर लावला, ७९. नळ्यांनी तोच रेंडर आदल्याच दुपारी ७७ वर केला होता. म्हणजे बावीस हजारांच्या वाट्याला दोन अंश आले. बाकीचं काम भाऊंच्या शंभर रुपयांच्या भोकांनी, आईच्या वेणीनं आणि ब्रशनं आधीच उरकलं होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. चांगली पोरगी आहे.

त्या दोन चकत्यांपैकी एक आई रात्री पाण्याच्या तांब्यावर झाकते. दुसरी शिल्लक आहे. कडा कानशीनं घासल्या आहेत, हात कापत नाही. कुणाला हवी असल्यास येऊन घेऊन जावी. फक्त दुपारी एक ते चार येऊ नये.