पासपोर्ट घेऊन मनोरीला

आमच्या हिचा पासपोर्ट येऊन सहा महिने झाले होते आणि त्यावर अजून माशीसुद्धा बसली नव्हती, मग शिक्का कुठला! मुलाने सिंगापूरचं चौघांचं बुकिंग केलं होतं. "एकदा बाळ आलं की दोन वर्षं कुठे जाणं होणार नाही," असं सूनबाईंचं म्हणणं. बाळ येणार केव्हा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. 'कारा' या सरकारी दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवून तीन वर्षं उलटली होती, आणि चिरंजीव रोज चहाच्या आधी यादीतला नंबर बघत.

सिंगापूरला चोवीस दिवस उरलेले असताना, एका रात्री साडेदहाला, फोटो आला. अकरा महिन्यांची मुलगी, मुक्काम पंढरपूर. सोबत तिची माहिती आणि वैद्यकीय अहवाल. 48 तासांत होकार कळवायचा. त्याला 'रिझर्व्ह करणे' म्हणतात. आमच्या पिढीने रिझर्व्ह केलं ते फक्त गणपतीत कोकणकन्येचं, आणि तेही वेटिंगवर अडकलेलं. इथे वेटिंग आधी संपलं होतं. चिरंजीवांनी 48 पैकी 47 तास शिल्लक ठेवून होकार दिला. सिंगापूर रद्द. परतावा किती मिळाला, हे तो अजून सांगत नाही.

मग नातेवाइकांचे फोन. मेहुण्यांना दत्तक म्हटलं की संस्थानंच आठवतात. आमच्याकडे गादी आहे ती कापसाची, आणि तीही पिंजायला झालीय. हिच्या मावसबहिणीने जात विचारली. जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंताला 1874 मध्ये घरात घेतलं, तेव्हाही हेच विचारलं असणार. ही म्हणाली, "पंढरपूरची आहे. वारकऱ्याला जात विचारतात का?" फोन ठेवल्यावर आवंढा गिळून मला म्हणाली, "बरोबर बोलले ना?"

माझी भीती वेगळी होती. समाजसेविका घर बघायला आल्या तेव्हा कळलं, दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोचं मिळून वय 85 च्या आत लागतं. मुलगा-सून आरामात बसत होते. मी मनात आमच्या दोघांची बेरीज केली, ती 141 भरली. आम्हाला कुणी मांजरसुद्धा दिलं नसतं. आजी-आजोबांना अट नाही, एवढाच दिलासा.

भेट शनिवारची ठरली. मधले दिवस सरता सरेनात. हिने दुपटी तीनदा धुतली. बुधवारी रात्री कपाट आवरताना पासपोर्ट हाती लागला आणि ती खाटेवर बसून कोरी पानं उलटू लागली. सूनबाई म्हणाल्या, "आई, समुद्र ओलांडायचा आहे ना? उद्या मनोरीला जाऊ."

कांदिवलीहून मालाड, म्हणजे गाडीत एक स्टेशन, आणि तिथून 272 नंबरची बस मार्वेला. हिने पर्समध्ये पासपोर्ट घेतला होता. "ओळखपत्र लागतं," म्हणाली.

मार्वेच्या धक्क्यावर लाँच. त्यात माणसं कमी आणि मोटारसायकली जास्त. आमच्या पुढ्यात रिकामी टोपली घेतलेली एक कोळीण. सकाळचे मासे मालाडला विकून परतत होती. हिच्या पायाला मोटारसायकलचं चाक टेकलं, कोळणीची टोपली माझ्या मांडीवर आली आणि दहा मिनिटांत 'परदेश' लागला. विमानात एवढी आपुलकी मिळाली नसती.

परदेश हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, त्यापाठोपाठ हा सारा किनारा गेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, इथे पोर्तुगालचं राज्य. चर्च आणि आडनावं तेव्हाची. इथल्या ख्रिस्ती लोकांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. राहायचं पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचं! कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या. तरी घरात बोलतात मराठीच, आपल्यापेक्षा जरा जुनी. हे सगळं मी हिला ऐकवत होतो आणि ही वाळूत रुतलेली चप्पल शोधत होती.

जेवायला एका घरगुती खाणावळीत बसलो. बाटलीत भरून ठेवलेल्या मसाल्याची चिंबोऱ्यांची आमटी आली. वास असा, की टेबलावर बोलणंच थांबलं. आणि तेवढ्यात हिला आठवलं, आज गुरुवार!

"परदेशात वार लागत नाहीत," मी म्हणालो.

"मग पासपोर्टवर शिक्का मारून आणा, लगेच खाते."

शिक्का नव्हता. हिने वाटीभर भात, लोणचं आणि फुगे घेतले. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे; लग्नाला, बारशाला करतात. तिसऱ्या फुग्याला हिने कृती विचारली. मालकीणबाई सांगत गेल्या : मैदा, नारळाचं दूध, आणि अंडी. ही क्षणभर थांबली, हातातल्या चौथ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बारशाला करतात म्हणालात ना?" आणि खाल्ला.

दुपारी किनाऱ्यावर कुणी फारसं बोललं नाही. चिरंजीव सारखा फोन उघडून फोटो मोठा करून बघत होता. सूनबाई एकदाच म्हणाल्या, "ती मला बघून रडली तर?" यावर उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग हिने पर्समधून पासपोर्ट काढला. मधल्या पानात छापून आणलेला तोच फोटो होता. कोपरा चिंबलेला, म्हणजे बरेचदा बाहेर निघालेला. "रडेल," ही म्हणाली, "हा रडला नव्हता? सुइणीला बघून सुरू झाला, तो मुंजीपर्यंत."

परतीच्या लाँचला गर्दी होती. मी चार तिकिटं मागितली. ही मागून पुढे घुसली.

"अकरा महिन्यांच्या पोरीला तिकीट पडतं का हो?"

तिकीटवाल्याने मान वर केली. आमच्या मागे बघितलं, खाली बघितलं, मोटारसायकलींच्या मध्ये बघितलं.

"कुठंय पोरगी?"

"पंढरपूरला," ही म्हणाली, आणि पासपोर्ट उघडून त्याच्यासमोर धरला.