जाळीकाका

जाळीकाका जिना चढताना दिसले आणि हातात ती मळकी कापडी पिशवी असली, की समजावे, कुणाच्या तरी घरी पाणी तुंबले आहे. पिशवीत रबरी दट्ट्या, पान्हा, स्कूटरची जुनी क्लचवायर, टोक वाकवलेली सळई आणि टॉर्च. काका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. पण बँकेतली पस्तीस वर्षे ते दोन वाक्यांत उरकतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे सिंक कसे मोकळे केले, ते मात्र पूर्वपीठिकेसह सांगतात.

हे काका एकाच सोसायटीचे नाहीत. पुणे, डोंबिवली, नाशिक, जिथे चार मजल्यांची इमारत आणि एक धडधाकट निवृत्त गृहस्थ एकत्र येतात, तिथे ते आपोआप तयार होतात. प्लंबरचे नाव काढले की त्यांना राहवत नाही. ‘‘कशाला बोलावता? तो आल्यासारखं करेल, बघितल्यासारखं करेल आणि पैसे तेवढे खरोखरचे घेईल.’’

पण हा प्रश्न पैशाचा नव्हे. काकांना ओढ असते ती तपासाची. पाणी कधीपासून हळू जाते, बुडबुड आवाज येतो का, वास सकाळी जास्त की रात्री, असा जबाब नोंदवून झाला की ते न्हाणीघरात उकिडवे बसतात आणि जाळी उचलतात. सळईच्या टोकाला केसांचा गुंता येतो. तो लगेच टाकून द्यायचा नसतो. काका तो उजेडात धरतात. लांबी बघतात, मेंदीचा रंग बघतात, मग काही न बोलता घरच्यांकडे बघतात. सासूबाई सुनेकडे बघतात, सून नणंदेकडे. घरात निर्दोष सुटतात ते फक्त टकलू सासरे.

स्वयंपाकघरात आरोपी निराळे. भाताची शिते, चहाचा चोथा आणि भांड्यांवरून गेलेले तूप. गरम पाण्याबरोबर तूप निमूट जाते, पुढे पाइपात गार पडून थिजते आणि चोथ्याला धरून ठेवते. चहाचा चोथा सिंकमध्ये ओतणाऱ्या माणसाला काका मुलगी द्यायला तयार नसतात. त्यांना मुलगी नाही, हा भाग वेगळा.

काकांचे ज्ञान मात्र पोकळ नाही. वॉश-बेसिनला दट्ट्या मारण्यापूर्वी वरच्या कडेजवळचे भोक ओल्या फडक्याने बुजवावे लागते, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. जाळीखालच्या वाकड्या भागात दोनेक इंच पाणी कायम उभे असते आणि गटाराचा वास व झुरळे तेच अडवते, हेही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या तशाच वाकड्या पाइपाचे पेटंट घेतले, हे सांगताना काकांचा आवाज भरून येतो. घर महिनोन् महिने बंद राहिले की ते पाणी उडून जाते. म्हणून मुलाकडे अमेरिकेला जाणारी मंडळी किल्ल्या काकांकडे देऊन जातात. दर रविवारी काका पाच बंद घरे उघडून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी घालतात. देवपूजेला बसतात ते त्यानंतर.

त्यांचे हंगाम ठरलेले. गणपती गेले की पहिला. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवायची, हे उत्तमच. पण तो गाळ झाडांना न घालता मोरीत ओतणारे महाभाग निघतात आणि शाडू खाली जाऊन नव्याने मूर्तिरूप घेऊ बघतो. दुसरा हंगाम नरकचतुर्दशीचा. तेल, उटणे आणि केस असे तिन्ही एकाच पहाटे एकाच जाळीवर येतात. सोसायटी फराळाला बसते तेव्हा काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून कुणाच्या तरी न्हाणीघरात असतात. पुढे थंडी पडली की खोबरेल थिजते आणि काका पुन्हा खुलतात.

एखादी सून व्हिडिओ पाहून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतते. ‘‘फेस आला म्हणून काम झालं का?’’ काका विचारतात. ‘‘ते दोघं एकमेकांनाच मारतात. कचरा बसतो बघत.’’ शास्त्र काकांच्या बाजूने आहे. कॉस्टिक सोडा निघाला, की मात्र त्यांची थट्टा बंद होते. हातमोजे, खिडकी उघडी, मुले बाहेर. त्यावर संडासाचे ॲसिड कुणी चुकूनही ओतायचे नाही, उकळी फुटून तोंडावर येते. ॲल्युमिनियमचे भांडेही जवळ आणायचे नाही.

काकांचा दोष एकच. कुठे थांबावे, ते त्यांना कळत नाही. सिंक वाहते झाले तरी ‘आता आलोच आहे तर’ म्हणून ते खालचा बॉटल ट्रॅप फिरवून उघडतात, बादली ठेवायची आठवण नंतर होते, आणि परत बसवताना एक वायसर हातात उरतो. तो उरलेला वायसर, ‘कंपन्या उगाच जास्त देतात’ म्हणून पिशवीत जातो. शिवाय दट्ट्याने कचरा नाहीसा होत नाही, पुढे सरकतो. आज तिसऱ्या मजल्याचे सिंक मोकळे झाले, तर उद्या दुसऱ्या मजल्यावरून निरोप येतो आणि परवा पहिल्यावरून. काका खाली खाली उतरत जातात आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा चहा होतो.

शेवटी सगळे चेंबरपाशी येऊन थांबते. काकाही तिथेच थांबतात. गटारात किंवा टाकीत माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतल्या वायूने माणसे मरतात. ‘गरिबाला चार पैसे मिळतील’ असे कुणी म्हणालेच, तर एरवी मवाळ असलेले काका, ‘‘मग आधी तुम्ही उतरा,’’ असे सेक्रेटरींनाही सुनावतात. मशिनची गाडी येईपर्यंत झाकणापाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांचे हे बसणे मला सगळ्या अवजारांहून मोलाचे वाटते.

तुमच्याकडे जाळीकाका येणार असतील, तर सिंकखालचे कपाट रिकामे करा, बादली तुम्हीच ठेवा, आणि सगळे वायसर मोजून घ्या. चहाचा चोथा आधीच कुंडीत टाकून ठेवा; काका जाताना बघून जातात.