भुयाराचे वाटेकरी

छिंदवाड्याकडच्या देवगडच्या किल्ल्यातून निघालेलं भुयार थेट नागपूरला बाहेर पडतं, हे आमच्या भागात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. शंका काढलीत तर समोरचा दुखावतो. घरटी एक तरी माणूस असा निघतो, ज्याच्या आजोबांनी त्या भुयाराचं तोंड पाहिलेलं असतं. आत मात्र त्यांच्यापैकी कोणी गेलेलं नसतं. ऐनवेळी वटवाघळं तरी आडवी येतात, नाहीतर जेवणाची वेळ तरी झालेली असते. देवगडचा गोंड राजा जाटबा याचा उल्लेख 'ऐन-इ-अकबरी'त आहे, म्हणजे गोष्ट सोळाव्या शतकातली. नागपूर बख्त बुलंद शाहने वसवलं ते अठराव्या शतकाच्या तोंडावर. मी मोठ्या बाबांना विचारलं, भुयार खणलं तेव्हा नागपूरच नव्हतं, तर ते निघत कुठं होतं? मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणून तं मंग नागपूर वसवा लागलं."

या भुयारावर मी व्हिडिओ गेम करतो आहे. गेम करणारे लोक खेळणाऱ्यांची मतं मिळवायला काय काय करतात! जिथं आत कोणी गेलेलं नाही आणि आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, अशा जागेवर गेम करणाऱ्याला ती मागावी लागत नाहीत. पांढुर्ण्यात ती पानठेल्यावर अडवून दिली जातात.

या जातीच्या गेमचं घराणं जुनं आहे. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम केला. त्यात चित्रं नव्हती. टिंबांची जमीन, रेघांच्या भिंती, राक्षस म्हणजे इंग्रजीतली मोठी अक्षरं, आणि नायक म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात मधोमध बसतो तो वेटोळ्यातला 'ए'. मजल्यामागून मजले खाली उतरायचं, ताईत मिळवायचा, वर यायचं. दर खेपेला खोल्या आणि वाटा संगणक नव्याने मांडतो, त्यामुळे मागच्या वेळचं पाठांतर कामाला येत नाही. आत्याला हे नीट समजावं म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "चकवा लागते, असं सांग नं सरळ."

पहिलं भांडण वाटेवरूनच झालं. नकाशावर पट्टी ठेवून देवगड ते नागपूर रेघ ओढली तर ती जवळजवळ सौसरच्या अंगावरून जाते. पांढुर्णा पश्चिमेला बराच बाजूला राहतो. पांढुर्ण्याच्या मित्रांना हे भूगोलाचं कारस्थान वाटलं. मुख्य भुयार सौसरवरून जावो, पण एक फाटा आपल्याकडे काढ, आणि खजिना त्या फाट्यावर ठेव, असा तोडगा त्यांनी सुचवला. ही बातमी त्याच संध्याकाळी सौसरच्या मामांना कळली. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन्ही तालुके तोडून नवा जिल्हा झाला आणि त्याला पांढुर्ण्याचं नाव मिळालं, ते मामांच्या अजून मनात आहे. फोनवर त्यांनी नमस्कार-चमत्कारही केला नाही. "जिल्हा तुमी नेला. कलेक्टर तुमी नेला. आता भुयार बी न्या!"

मामांना दुखवून चालणार नव्हतं, कारण भुयारात खरोखर नोकरी केलेला माझ्या ओळखीचा तो एकच माणूस. मामा मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. सौसरच्या जमिनीखाली मँगनीज आहे. इतकं, की छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या खडकांच्या अख्ख्या गटाला भूशास्त्रात 'सौसर समूह' म्हणतात. पांढुर्ण्याच्या नावाचा समूह नाही, हे मामा दर भेटीत सांगतात.

मी त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि पद्धतीप्रमाणे मागं जाऊन बसलो. खेळणारा खेळत असताना करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा या धंद्यातला सर्वांत कडक नियम. माझा नायक हातात कंदील घेऊन भुयारात शिरला, दोन पावलं गेला, आणि मामांनी लॅपटॉप मिटला.

"छत ठोकलं का यानं?"

मी नियम पाळून गप्प.

"तुले विचारून रायलो. छत ठोकलं का?"

मग मामांनी चहा होईपर्यंत सांगितलं. खाणीत नव्या जागी पाय ठेवण्याआधी लोखंडी सळई घेऊन वरचा खडक ठोकून बघतात. खणखणीत आवाज आला तर खडक पक्का. पोकळ, भदभद आवाज आला तर थर सुटलेला. मागं व्हायचं, लाकडाचा आधार द्यायचा, किंवा सुटलेला भाग आधी खाली पाडायचा. "राक्षस-फाक्षस नंतर," मामा म्हणाले, "माणूस पयले छतानं मरते."

मी छत ठोकायची सोय केली. खणखणीत आवाजासाठी पितळी परात आणि पोकळ आवाजासाठी पिठाचा रिकामा डबा वाजवून घेतला. दोन्हींमधला फरक मुद्दाम थोडा ठेवला, खोल जावं तसा आणखी थोडा. आता जो तो लॅपटॉपला कान लावून खेळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दादा पिक्चरमधलं गाणं चोरून ऐकतो आहे. माझ्या गेममध्ये लोकांना सर्वांत जास्त काय आवडतं असं विचाराल तर हे ठोकणं. चौथ्या मजल्यावर एक नऊ हातांचा राक्षस आहे, त्याचा प्रत्येक हात वेगळा हलतो, आणि ते हात हलवण्यात माझा एक पावसाळा गेला. त्याच्याबद्दल आजवर आलेलं एकमेव मत असं, की तो मध्ये उभा राहतो त्यामुळे त्याच्या मागचं छत ठोकता येत नाही.

खजिन्यात काय ठेवायचं तेही मामांनीच सुचवलं. फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने 1909 मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला. आमच्याकडच्या सीतापारला सापडलेल्या एका काळ्या खनिजाला त्याने 'सीतापाराइट' असं नाव दिलं. पुढे निष्पन्न झालं, की हे तर आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट. सीतापारचं नाव जगाच्या यादीतून गेलं. गेममध्ये सहाव्या मजल्यावर जिवावर उदार होऊन सीतापाराइट मिळवता येतं. बाजारात नेलं की व्यापारी भिंगातून बघून म्हणतो, "हे बिक्सबाइट आहे," आणि चवलीही देत नाही. खेळणारे चिडतात. एकाने पैसे परत मागितले. गेम फुकट आहे.

मोठे बाबा संत्र्याचे बागायतदार, त्यामुळे त्यांची तक्रार वेगळी. नायकाचा जीव भरून यावा म्हणून मी वाटेत संत्री ठेवली होती. इंग्रजी गेममध्ये अशा ठिकाणी लाल रंगाची बाटली असते. आपल्याकडे बाटली कशाला, असा माझा स्वाभिमान. मोठ्या बाबांनी चष्मा वर केला. "बाहेर पाऊस दाखवला तुनं. अन् आत संत्रा पिकला? आंबियाचा संत्रा दिवाळीच्या मागंपुढं येते, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. आषाढात कोणाच्या बगीच्यात तोडणी चालते, मले दाखव." मी भुयारात ऋतू घातले. त्यामुळे पावसाळ्यात खेळायला बसलेला नायक आता उपाशी मरतो, आणि मरताना निदान शेतीच्या दृष्टीने बरोबर मरतो.

पण त्यांनीच पुढे असं एक सांगितलं, जे गेम शिकवणाऱ्या कुठल्याही व्हिडिओत मला सापडलं नव्हतं. गेमचा मधला भाग कंटाळवाणा होतो, ही सगळ्यांची ओरड होती. प्रत्येकाकडे औषध तयार: आणखी राक्षस घाल, तलवार मोठी कर, गाणं घाल. मोठे बाबा म्हणाले, "तू याले ताण नाही देऊन रायला." बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. पानं कोमेजतात, बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, मग पाणी सोडायचं की झाड फुलावर येतं. सारखं पाणी पाजलं तर नुसता पाला. मी तिसऱ्या मजल्यानंतर कंदिलाचं तेल तोडलं. कितव्या खोलीत पुन्हा तेल द्यायचं ते मोठे बाबाच ठरवतात. खेळणाऱ्याचा चेहरा बघतात आणि मला बोटाने खुणावतात. राक्षस एकही वाढवला नाही. मधल्या भागाबद्दल तक्रार बंद झाली.

मरणाबद्दलची तक्रार मात्र चालूच आहे. नायक मेला की पहिल्यापासून, हे कोणालाच मान्य नाही. सातवीतल्या भाच्याने तर उपाय शोधला: नायकाचा शेवटचा श्वास आला की लॅपटॉपचं बटण दाबून धरायचं. मेलेला माणूस पुन्हा उघडल्यावर जिवंत. यात नवं काही नाही. 'रोग' खेळणारी पोरंही जतन केलेल्या खेळाची नक्कल लपवून ठेवत, म्हणून करणाऱ्यांनी फाइल उघडताक्षणी ती पुसून टाकायची व्यवस्था केली होती. मी प्रत्येक पावलाला खेळ जतन होईल असं केलं. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, तुमी यमाच्या ऑफिसात नोकरी करा."

मग सोपा खेळ म्हणून एक वेगळा पर्याय दिला. राक्षस मवाळ, छत पक्कं, तेल भरपूर. कोणी निवडला नाही. याचं मला नवल वाटायला नको होतं, मी पांढुर्ण्याचा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दोन्हीकडून दगड. झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली आणि दोघं नदीतच सापडले, अशी त्यामागची कथा. या गोटमारीत दर वर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत, आणि त्यावर विनोद करण्याइतका मी निबर नाही. प्रशासनाची मला दया येते. त्यांनी मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले होते. खेळ तोच, नदी तीच, झेंडा तोच, डोकं शाबूत. कागदावर याहून चांगली सुधारणा सुचणार नाही. लोकांनी दगडच उचलले. गेम करणारे याला खेळणाऱ्यांचं मत म्हणतात, आणि ते दर वेळी शहाणपणाचं असतं असं मी तरी म्हणणार नाही.

शेवटी मी सोप्या खेळाचं नाव बदलून 'नागपूरचा जावई' ठेवलं. दिवसा चारचौघांत त्याला अजूनही कोणी हात लावत नाही. पण कोण काय खेळलं याची नोंद लॅपटॉप ठेवतो. घरातली निजानीज झाल्यावर जावई बरेच निघतात. नावं सांगणार नाही. त्यातला एक नात्याने माझा मामा लागतो.

"यात भेटते किती?" हा प्रश्न अधूनमधून येतो. मग मी पुण्याच्या नॉडिंग हेड्सचं उदाहरण देतो. 'राजी' या गेमसाठी त्यांनी 2017 मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी 2020 मध्ये त्यांनी गेम पुरा करून दाखवला. किंवा 'हेडीज' सांगतो, तो पाताळातून वर पळायचा गेम. डिसेंबर 2018 मध्ये अपुरा विकायला काढला आणि सप्टेंबर 2020 पर्यंत खेळणाऱ्यांचं ऐकत ऐकत पुरा केला. मोठे बाबा ऐकून घेतात. "म्हंजे फुलोऱ्यावरच सौदा केला," म्हणतात. त्यांच्या धंद्यात ते रोजचं आहे.

परवा मोठे बाबा शेवटपर्यंत पोचले. छतं ठोकत, तेल पुरवत, नऊ हातांच्या राक्षसाला वळसा घालून ते नागपूरला बाहेर पडले. पडद्यावर सूर्य उगवला, सनई वाजली, 'विजय' अशी सोनेरी अक्षरं आली. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे बाबा पडद्याकडे बघत बसले.

"आता वापस कसं याचं?"

मी म्हटलं, गेम संपला.

"संपला कसा? नागपूरले राहाचं कोणाले आहे? घरी बैलं आहेत."

बाकीच्यांनाही ते लगेच पटलं. भुयारातून परत जायला कोणी तयार नव्हतं. मामांनी फोनवरून सौसरमार्गे बस सुचवली. पांढुर्ण्याच्या मंडळींनी इटारसी लाइनची गाडी आहे, बस कशाला, असं म्हणून गाडी सोडली. भाच्याला तिकिटाचे पैसे बिक्सबाइट विकून यायला हवे आहेत. आत्याचं म्हणणं, नागपूरला गेलाच आहे तर येताना संत्राबर्फी घेऊन यावी. राक्षसाचा दहावा हात तूर्त बाजूला ठेवला आहे. सध्या मी बसस्टँड काढतो आहे.